तुळाजी हवालदाराचा कोपरा

फार वर्षं झाली या गोष्टीला. बोरखिंडीत तेव्हा घड्याळ नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. त्या गावचा तुळाजी हवालदार आजा झाला तरी पलटणीतच होता. बसऱ्याकडे लढाई लागली तेव्हा तो तिकडे गेला, आणि दोन वर्षांनी तार आली की हवालदार कामी आला. सरकारी कागद चुकत नाही अशी तेव्हा समजूत होती. प्रेत नव्हतं, म्हणून गुंडभटांनी पळसाच्या तीनशे साठ पानांचा पुतळा करवला आणि त्याला रीतसर अग्नी दिला. तेरावंही झालं. जेवण चांगलं होतं, असं म्हणतात.

चार महिन्यांनी तुळाजी पायी चालत आला.

जिवंत माणूस मेला तर काय करायचं, हे गावाला पाठ होतं. मेलेला परत आल्यावर पोथी काढावी लागली. पोथीत निघालं की त्याने पुन्हा जन्म घ्यावा. तुपाने न्हावं, पाळण्यात निजावं, त्याचं बारसं व्हावं, आणि मगच घरात पाऊल टाकावं. तोवर त्याने ओढ्यापलीकडे, मसणवटीच्या छपरात राहावं असं ठरलं. सुताराने सहा फुटी पाळणा करायला घेतला. मुहूर्त मात्र निघेना. आधी अधिक मास आडवा आला, मग पितृपक्ष. मेलेल्याला कसली घाई, असं गुंडभट म्हणाले.

तुळाजीला घाई होती. घरात विधवा सून होती, भागीरथी, आणि तिची सात वर्षांची लेक सारजा. तिकडच्या वाळूत तो चार दिवस प्रेतांखाली पडून होता. तेव्हा त्याने देवाजवळ एकच मागितलं होतं, की एकदा आपल्या उंबऱ्याच्या आत बसून नातीच्या ताटात जेवू दे. आता ते घर ओढ्यावरून दिसत होतं. रोज दिवस कलला की सारजा अलीकडच्या काठावर येऊन बसे.

"आजा, तू भूत हायस व्हय?"

"गुंडभट म्हनत्यात तसं."

"भुताचं पाय उलटं असत्यात. तुजं तर सरळ हायत."

"मग त्यास्नी जाऊन सांग."

तिने जाऊन सांगितलं. गुंडभटांनी पोथी पाहिली. पायांविषयी तीत काहीच नव्हतं.

अशात मानमोडीची साथ आली. सकाळी ताप, आणि तिसऱ्या दिवशी माणूस नाही. पहिलं प्रेत ज्या चौघांनी उचललं, त्यांतले तिघे आठवड्यात गेले. मग खांदा द्यायला कुणी पुढे येईना. प्रेतं घरात राहू लागली. तेव्हा तुळाजी ओढा ओलांडून आला आणि पाटलाला म्हणाला, "मी मेलेलाच हाय, पाटील. मला पुना काय हुनार?"

पाटलाला हे पटलं. मेल्या माणसाचा विटाळ त्या दिवसांत कुणाला आठवला नाही.

तिरडीचा पुढचा उजवा कोपरा तो खांद्यावर घेई, आणि उरलेले तीन कोपरे वाऱ्यावर असत. तरी तिरडी कलत नसे. वाळूत राहिलेले त्याचे सोबती बाकीचे खांदे देत होते, असं म्हणतात. लोकांनी हे दाराच्या फटीतून पाहिलं. बाहेर येऊन पाहण्याइतकी श्रद्धा कुणाची नव्हती.

ज्या घरात प्रेत असेल, त्या घराचं दार त्याला उघडं होतं. गावातली जवळजवळ सगळी घरं त्याने आतून पाहिली. एक तेवढं राहिलं होतं, आणि आता त्या घराने आपल्याला बोलावू नये, एवढंच तो मागत होता.

साथ ओसरू लागली. दशमीचा मुहूर्त निघाला आणि पाळण्याला दोर लागले. पाळणा मीच हलवणार, असं सारजेने गावभर सांगून ठेवलं.

अष्टमीला भागीरथी ओढ्यावर आली. म्हणाली, "मामंजी, घरी चला."

त्याने उंबरा ओलांडला. सारजेसाठी तिरडी लागली नाही. जत्रेला न्यावं तसं त्याने तिला कडेवर घेतलं, मान खांद्यावर नीट टेकवली आणि निघाला. त्या दिवशी मात्र दारं उघडली आणि गाव मागून चालत गेलं. साथीतलं ते शेवटचं प्रेत, असं म्हणतात.

दशमीला गुंडभट तूप घेऊन ओढ्यावर गेले. मुहूर्त टळू नये, म्हणाले. तुळाजीने तुपाला हात लावला नाही.

"आता कुनासाटी जल्माला येऊ, भटजी?"

तो कधी वारला हे कुणी सांगत नाही. दुसऱ्यांदा मेल्याची नोंद करायची सोय नव्हती. छपरात एके दिवशी तो दिसला नाही, एवढंच.

बोरखिंडीत आजही तिरडी उचलतात ती तिघंच. वेशीपर्यंत पुढचा उजवा कोपरा मोकळा ठेवतात, आणि तो कलत नाही. परगावचा एखादा सोयरा भलेपणाने खांदा द्यायला पुढे होतो. मग कुणीतरी हळूच त्याचा हात धरतं.

"र्‍हाऊ द्या, पाव्हनं. तितं आजा हायत."