सटवाजी पंचाला पुरावा पाहिजे

एका गावात एक भोळा पंच होता. आता भोळा माणूस पंच कसा झाला म्हणाल, तर ते आधी सांगतो. गावात तंटामुक्ती समिती होती आणि गावात पार्ट्या दोन होत्या. दोन्ही पार्ट्यांना चालेल असा माणूस शोधता शोधता सगळे दमले. शेवटी सटवाजी सापडला. तो कोणाच्याच बाजूचा नव्हता. कोणाची बाजू काय आहे, हेच त्याला कधी कळलं नव्हतं.

सटवाजीकडे टीव्ही होता. दिवेलागणीला त्यावर गुन्ह्यांची मालिका लागायची. एक साहेब यायचा, भिंग लावायचा, पडलेला केस उचलायचा, लॅबला पाठवायचा. जाहिराती संपेपर्यंत लॅबचं उत्तर हजर. बायको गिरजा म्हणायची, "अहो, जेवून घ्या." सटवाजी म्हणायचा, "थांब, रिपोर्ट येऊ दे."

समितीचा रिवाज असा, की पाचही पंचांचं एकमत झाल्याशिवाय निकाल नाही. इथंच घोडं पेंड खात होतं.

पहिला तंटा आला कोंबड्याचा. शेषरावाचा कोंबडा गेला. भगाच्या दारात पिसं, चुलीवर रस्सा, आणि भगा ढेकर देतोय. चार पंच म्हणाले, भगाच चोर. सटवाजी म्हणाला, "ठसे?"

"कसले ठसे?"

"बोटांचे. कोंबड्यावरचे."

"अरे, कोंबडा त्याच्या पोटात हाय!"

"मग पोट लॅबला पाठवा."

भगा सुटला. समितीचे अध्यक्ष केरबाअण्णा. त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "सटवाजी, बाबा, ठसेबिसे टीव्हीत. गावात डोळ्यानं बघितलेला माणूस मिळाला की झालं."

"डोळ्यानं बघितलेला. ध्यानात ठेवतो, अण्णा."

आणि ठेवलं की! तेच तर दुखणं होतं.

दुसरा तंटा सोनाबाईचा. जावेनं नळावर तिला शिवी दिली. सहा बायकांनी ऐकली. सटवाजीनं सहाही जणींना विचारलं, "बघितली कोणी?"

"काय?"

"शिवी. डोळ्यानं."

"शिवी दिसती व्हय रे, मुडद्या?" सोनाबाई कडाडली, आणि जावेची ती शिवी तिनं जशीच्या तशी सटवाजीला दिली.

सटवाजीनं पंचांकडं बघितलं. "आता ही कोणी बघितली का?"

कोणीच बघितली नव्हती. जाऊ सुटली. अण्णा म्हणाले, "अरे, कानानं ऐकलेलं बी चालतं! माणूस तोंडानं बोलला, आपण कानानं ऐकलं, संपलं."

"कानानं ऐकलेलं. ध्यानात ठेवतो, अण्णा."

मग आली हौसाबाई. बाई एकटी. मागं कोणी नाही, पुढं कोणी नाही. एक गाभण शेळी होती, तिच्याच जिवावर बाईचं चालायचं. ती शेळी भगाच्या दारात बांधलेली सापडली. भगा म्हणाला, "बाजारातनं आणली." हौसाबाईनं नुसतं "चंद्रे" म्हटलं, तर शेळीनं दावं ताणलं आणि तिचा हात चाटायला लागली. बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सटवाजीच्या पण आलं. डोळे पुसून तो म्हणाला, "रक्त तपासायला पाहिजे."

"कोणाचं?"

"शेळीचं आणि हौसाबाईचं. रक्त जुळल्याशिवाय कोण कोणाचं ते ठरत नाही."

हौसाबाई मटकन खाली बसली. "माझीच चूक झाली गं बया. मीच मेलीनं दावं सैल बांधलं."

सटवाजी ताडकन उठला. "अण्णा! ऐकलं ना कानानं? कबुली! चोर हौसाबाई!"

अण्णांच्या तोंडाला फेस आला. ते ओरडले, "अरे शहाण्या, शेळी ज्याच्या दारात, तो चोर! एवढं सोपं हाय!"

"ज्याच्या दारात शेळी, तो चोर. ध्यानात ठेवतो, अण्णा. पण आजची बैठक झाली, तपास आता पुढल्या गुरुवारी. तोवर पुरावा पंचाच्या ताब्यात."

एकमत नाही, तर निकाल नाही. सटवाजीनं शेळी नेली आणि आपल्या दारात बांधली.

हौसाबाई रोज पाला घेऊन यायची. सटवाजी पाला घ्यायचा, पण बाईला लांब उभं करायचा. "मावशे, पुराव्याला हात लावू नको." बाई कुंपणाबाहेरून शेळीकडं बघत राहायची आणि पदरानं डोळे पुसत परत जायची. पाचव्या दिवशी शेळी व्याली. दोन करडं झाली. सटवाजी धावत अण्णांकडं गेला. "अण्णा, घात झाला. एक पुरावा ठेवला होता, तीन निघाले. कोणीतरी ढवळाढवळ केलीय!"

अण्णांनी दार लावून घेतलं.

गुरुवार उजाडला. सटवाजी सगळ्यांत आधी उठून उभा राहिला. "चला. ज्याच्या दारात शेळी, तो चोर." अख्खा गाव मागोमाग निघाला. आधी भगाचं दार. शेळी नाही. "भगा निर्दोष." मग शेषरावाचं दार, मग सोनाबाईचं, मग एकेक करत सगळी आळी. शेळी कुठंच नाही. शेवटी एकच घर राहिलं.

दारात शेळी होती. दोन करडं दूध पीत होती. सटवाजीनं शेळी बघितली, करडं मोजली. त्याचं तोंड उतरलं. मग त्यानं दोन्ही हात पुढं केले. "बांधा मला."

गिरजा बाहेर आली. "अहो, असं काय करता? तुम्हीच नाही का आणून बांधली?"

"ऐकलं ना, अण्णा? घरचीच साक्ष. डोळ्यानं बघितलं, कानानं ऐकलं. आणि ठसे म्हणाल तर रोज पाला मीच घालतोय."

"चोराला सोडू नका!" गर्दीतून भगा ओरडला.

अण्णांनी हौसाबाईकडं बघितलं. मग बाकीच्या तीन पंचांकडं. म्हणाले, "एकमत?"

"एकमत!" पाचही जण म्हणाले. सटवाजीचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

समितीचा तो पहिला निकाल. हौसाबाई शेळी आणि दोन्ही करडं घेऊन त्याच पावली घरी गेली. सटवाजीचं पंचपद गेलं.

दिवेलागणीला टीव्ही लागला. ताट वाढता वाढता गिरजा म्हणाली, "अहो, स्वतःलाच चोर ठरवून घेतलंत? लाज नाही वाटली?"

"अगं, मालिकेत शेवटी कोण निघतो? ज्याच्यावर कोणाचाच संशय नसतो, तोच. अख्ख्या गावात माझ्यावर एकाचाही संशय नव्हता. माझासुद्धा नव्हता." सटवाजीनं सुस्कारा सोडला. "मला तर पहिल्याच दिवशी कळायला पाहिजे होतं."