ठकाईची मालकांगोणी

डोंगरात गाडीवाट नव्हती, फक्त पायवाटा होत्या, त्या काळची ही गोष्ट. कुंभेदरा गावात ठकाई नावाची कोळीण राहायची. तिचा नवरा धावजी एके काळी कडे चढणारा गडी, पण गुडघे आखडले आणि तो ओट्यावरच बसून राहिला. मालकांगोणीच्या बियांचं तेल चोळलं की असे गुडघे सुटतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गावात मालकांगोणीची वेल होतीसुद्धा, थोरल्या ऐनाच्या झाडावर शेंड्यापर्यंत चढलेली. पण तिला फळ म्हणून कधी धरलं नव्हतं.

माघात वेलीची पानं झडली. झाडावर नुसते दोर राहिले. कोंडाजी पाटील कुऱ्हाड घेऊन आला. म्हणाला, "वांझ ती वांझ, वर ऐनाचा गळा आवळतेय. तोडा!"

ठकाईलाही मूलबाळ नव्हतं. ती ऐनाला पाठ लावून उभी राहिली.

"पाटील, पानं गळाली म्हणून वेल मरत नाही. मुळं गारव्यात आहेत, शेंडा उन्हात आहे, उताराला पाणी साचत नाही. मग तिला कमी कशाची, ते मला बघू द्या."

"बघ. पण वैशाख सरेपर्यंतच," पाटील म्हणाला.

चैत्रात वेल पालवली, वैशाखात हिरवट फुलांनी भरली. ठकाई रोज फुलं न्याहाळायची, तिला काही उमगेना. मग एकदा सरपणासाठी ती कड्यापलीकडे गेली. तिथं मालकांगोणीचाच एक वेल फुलला होता. तिनं फूल चुरगाळलं, तर बोटाला पिवळी भुकटी लागली. गावातल्या फुलांत अशी भुकटी तिनं कधीच पाहिली नव्हती.

"अगं बाई," ती हसून स्वतःशीच म्हणाली, "तिला जोडीचा नरवेलच नाही होय!"

तिनं फुललेल्या डहाळ्या तोडल्या, पाण्याच्या मडक्यात खोवल्या आणि मडकं डोईवर घेऊन भर उन्हात कडा उतरली. असं म्हणतात, त्या वेलावरच्या साऱ्या मधमाश्या तिच्यामागं निघाल्या. गावापर्यंत तिच्यावर सावली होती ती त्यांचीच, आणि एकीनंही डंख मारला नाही. मडकं तिनं ऐनाखाली ठेवलं. सात दिवस ती अशीच जात-येत राहिली. असं म्हणतात, सातव्या दिवशी वेलीवरची गुणगुण खालच्या खोऱ्यात ऐकू गेली. वैशाख सरताना फुलांच्या जागी हिरवे मणी धरले, आणि पाटील कुऱ्हाड खांद्यावर टाकून परत गेला.

दिवाळीला वेलीवर पिवळी फळं उकलली, आतून केशरी बिया दिसल्या. ऐन पेटल्यासारखा दिसू लागला. बिया कुटायला पाटील स्वतः बसला. मान वर न करता म्हणाला, "ठकाई, चुकलो मी."

"कुटा, कुटा," ठकाई म्हणाली, "बारीक कुटल्यावरच तेल सुटतं."

असं म्हणतात, महिन्याभरात धावजी आपल्या पायांनी कडा चढला आणि पलीकडच्या वेलाला नमस्कार करून आला.

पुढच्या पावसाळ्यात ठकाईनं त्या वेलाची फांदी आणून ऐनाशेजारी रुजवली. आता फळं आपसूक धरतात. तरी दर वैशाखात कुंभेदऱ्याची एक सून कड्यापलीकडून फुललेल्या डहाळ्या आणते. ती येताना दिसली की गावचे पुरुष, मग पाटील का असेना, पायवाटेवरून बाजूला होतात आणि ठकाईच्या नावानं तिला वाट देतात.