लक्ष्मीचं वाहन

सोलापुरातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये, छताखालच्या कोनाड्यात घुबडानं पिल्लं काढली. सोसायटीचे अध्यक्ष आवटेशेठ सराफ होते आणि शकुन-अपशकुनाचे पक्के. त्यांनी लगेच शिडीवाला बोलावला.

तळमजल्यावरच्या सुलभाताई हंचाटे सकाळपासून घरात येरझाऱ्या घालत होत्या. पिल्लांना अजून उडता येत नव्हतं. शिडी लागलेली दिसताच त्या अनवाणीच धावत आल्या.

"शेठ, पंधरा दिवस थांबा हो!"

"अजिबात नाही. अभद्र पाखरू! शिवाय पार्किंग फक्त सभासदांच्या वाहनांसाठी आहे. नियम म्हणजे नियम."

शिडीवाला चार पायऱ्या चढलासुद्धा. तेवढ्यात सुलभाताईंना काहीतरी सुचलं आणि त्यांनी वॉचमनची वही उचलून शेठजींपुढे धरली.

"मग नियमाप्रमाणे लेखी हुकूम द्या. मी सांगते, तुम्ही लिहा. 'लक्ष्मीचं वाहन माझ्या सांगण्यावरून इथून हाकलण्यात येत आहे.' खाली सही करा, पेढीच्या नावासकट."

आवटेशेठनी पेन उघडलं, पण ते कागदाला टेकेना. शेवटी पेन खिशात टाकून ते शिडीवाल्यावरच खेकसले, "अरे, उतर खाली! पिल्लं घाबरतील ना!"