ओठी नाव, पायी वहाण

फार पूर्वी, प्रभूच्या नावानं जमणारी माणसं अजून मूठभरच होती आणि त्यांना ना देऊळ होतं ना घंटा, तेव्हाची ही गोष्ट. समुद्राकाठच्या एका शहरात, रंगाऱ्यांच्या आळीत, एका दोर वळणाऱ्याच्या पडवीत अशी एक लहानशी मंडळी जमायची.

या मंडळीची एक रीत होती. सगळे दाराशी वहाणा काढून अनवाणी आत बसत. प्रार्थना संपत आली की मंडळीचे म्हातारे वडील विचारत, "आज कुणाचं नाव?" मग ज्याला जो आजारी ठाऊक असेल, त्याचं नाव तो मोठ्यानं घेई आणि सगळे 'आमेन' म्हणत. पण एवढ्यावर सुटका नव्हती. ज्यानं नाव घेतलं त्यानंच उठायचं, वहाणा चढवायच्या, फळीवरची भाकर आणि तेलाची कुपी उचलायची आणि थेट त्या आजाऱ्याचं दार गाठायचं. कपाळाला तेल लावायचं, घास भरवायचा, उशाशी बसायचं. "ओठी नाव, पायी वहाण," असं वडील म्हणत. त्या मंडळीत प्रार्थना तोंडानं सुरू व्हायची आणि पायानं पुरी व्हायची.

या गोष्टीत नाव एकच आहे, कारण गोष्ट त्या नावाचीच आहे. बाकीच्यांना आपण त्यांच्या कामावरून ओळखू.

नाव होतं दामारी. पडवीच्या समोरच्या खोलीत राहणारी ही म्हातारी एके काळी कुणाची तरी दासी होती. मालक वारला, तिची सुटका झाली, आणि तिच्याजवळ राहिलं फक्त एक दगडी जातं. मंडळीच्या भाकरीचं पीठ तीच दळायची. जात्यात मूठ टाकली की एक नाव घ्यायची, दुसरी मूठ टाकली की दुसरं. "नाव घेतलं की जातं हलकं फिरतं गं," असं म्हणून बोळकं पसरून हसायची. आणि दळण संपलं की ज्यांची नावं घेतली त्यांच्या दारी जायला तिला कुणी सांगावं लागत नसे.

तिच्या शेजारी एक रंगारीण राहायची. कापड निळीत बुडवून बुडवून तिचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. तिचा नवरा समुद्रावर गेला तो परत आलाच नाही. तेव्हा ती पोटुशी होती. बाळंतपण अडलं, सुइणीनंही हात टेकले. पण दामारी उशाशी बसून राहिली, हलली नाही. शेवटी लेक झाली ती दामारीच्याच ओंजळीत. रंगारणीनं लेकीचं नाव ठेवलं दामारी. तेव्हापासून आळीत एक थोरली दामारी आणि एक धाकटी दामारी, असं चालायचं. धाकटी दिवसभर थोरलीच्या जात्याशी खेळायची आणि पिठानं पांढरी होऊन घरी यायची.

मग शहरात साथ आली. तापाची साथ. ज्या घरात ताप शिरे, तिथली माणसं आजाऱ्याला अंगणात टाकून पळू लागली. मंडळी मात्र पळाली नाही. सुरुवातीला नावं घेतली गेली, वहाणा चढवल्या गेल्या. पण आळीतला बुरूड एका आजाऱ्याच्या उशाशी बसून आला आणि आठवड्याच्या आत स्वतःच आडवा झाला. मागोमाग त्याची बायको गेली. मग मंडळी जमायची, बसायची, पण "आज कुणाचं नाव?" असं विचारलं की जो तो आपल्या पायांच्या बोटांकडे बघत राही.

एके सकाळी रंगारीण जागी झाली आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. थोड्या वेळानं ध्यानात आलं, की शेजारी जात्याची घरघर नाही. 

"आई, थोरली दामारी आज दळत का नाही?" लेकीनं विचारलं.

"दमली असेल," आई म्हणाली, आणि लेकीला दाराबाहेर जाऊ दिलं नाही.

त्या दिवशी मंडळी जमली. समोरचं जातं थांबलंय, हे पडवीतल्या सगळ्यांनाच ऐकू आलं होतं. वडिलांनी विचारलं, "आज कुणाचं नाव?"

रंगारणीच्या जिभेवर नाव आलं. अगदी दातांपर्यंत आलं. पण मांडीवर धाकटी झोपली होती. तिच्या संथ श्वासाकडे बघताना रंगारणीच्या मनात आलं, मी गेले आणि ताप घेऊन आले, तर या पोरीला कोण? मला काही झालं, तर हिला कुणाच्या ओंजळीत टाकू? ज्याचं जळतं त्याला कळतं. तिला नावं ठेवण्याआधी आपण त्या पडवीत बसून पाहावं.

पण गप्प बसायचीही तिला लाज वाटली. म्हणून तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "हे प्रभो, सगळ्याच आजाऱ्यांवर दया कर. सगळ्यांना बरं कर."

"आमेन!" सगळे एकदम म्हणाले. इतकं मोठं आमेन त्या पडवीत पूर्वी कधी झालं नव्हतं. आणि का होऊ नये? सगळ्यांचं नाव घेतलं म्हणजे जायचं कुणाच्या दारी? सुंठीवाचून खोकला गेला. वहाणा होत्या तिथेच राहिल्या, फळीवरची भाकरही तशीच राहिली. वडिलांना सगळं कळलं, पण त्यांनीही नजर चुकवली आणि म्हणाले, "चांगली प्रार्थना केलीस, बाई."

त्या दिवसापासून तीच प्रार्थना रूढ झाली. कुणी ना कुणी 'सगळ्यांसाठी' मागायचं, बाकीचे आमेन म्हणायचे, आणि प्रत्येक जण आपल्या घरी जायचा.

रंगारीण काही दगडाची नव्हती. एकदा तिनं फळीवरची भाकर पदरात घेतलीसुद्धा. थोरलीच्या दारापर्यंत गेली. दार नुसतं लोटलेलं होतं, कडी नव्हती. आतून खोकल्याचा आवाज आला. तिनं दारावर हात ठेवला, तेवढ्यात घरातून लेकीची हाक आली, "आई!" तिनं हात मागे घेतला. भाकर उंबऱ्यावर ठेवली. उद्या येईन, असं मनाशी म्हणाली आणि परतली. उद्या म्हटलं की आजचं ओझं उतरतं, पण समोरच्या दारामागे जो निजला आहे त्याचं काय?

आळीत पाणी भरणारी एक बाई होती. ती मंडळीतली नव्हती. थोरलीच्या दाराशी ती घडा ठेवायची आणि बाहेरूनच, दाराच्या फटीतून, दोन शब्द बोलून निघून जायची. एके दुपारी तिनं आळीत हाक दिली, "अगं, कुणी या गं! म्हातारी बोलत नाही!"

आता मात्र रंगारीण धावली. अनवाणीच धावली.

थोरली दामारी निजली होती, पण अंथरुणात नाही. ती जात्याशी कलंडली होती आणि अंग गार पडलं होतं. अंथरुणाशेजारी एक स्वच्छ चटई नीट पसरलेली होती आणि चटईजवळ पाण्याचा पेला झाकून ठेवला होता. येणाऱ्याला बसायला, येणाऱ्याला प्यायला.

पाणी भरणारी बाई दाराशी डोळे पुसत म्हणाली, "रोज विचारायची गं मला. समोर आमेन झालं की विचारायची, आज कुणाचं नाव घेतलं? मी म्हणायचे, सगळ्यांचं घेतात हल्ली. मग म्हणायची, बरं झालं, म्हणजे येईल कुणीतरी, सगळ्यांत मी आहेच की. आणि चटई पुन्हा झटकून घालायची."

रंगारीण त्या चटईवर जाऊन बसली.

"आज सकाळी मात्र तिला भ्रम झाला होता," बाई पुढे सांगू लागली. "जात्यापाशी सरपटत गेली. दाण्यांची मूठ टाकली आणि स्वतःलाच हाका मारत बसली. दामारी, दामारी, म्हणून. मरताना माणूस स्वतःला हाका मारतं का गं?"

रंगारणीनं जात्याच्या तोंडात पाहिलं. मूठभर दाणे तसेच होते. फिरवायचं बळ उरलं नव्हतं. भ्रम नव्हता तो. मूठ टाकली की नाव घ्यायचं, ही तर तिची जन्माची सवय. शेवटच्या मुठीला तिनं नाव घेतलं होतं, पण ते स्वतःचं नव्हतं. साथीच्या दिवसांत आपल्या धाकटीला काही होऊ नये, म्हणून तिनं ते घेतलं होतं.

जे नाव घ्यायला रंगारणीची जीभ धजली नाही, ते नाव म्हातारीनं तिच्याच लेकीसाठी घेतलं होतं. रंगारीण तिथे बसून ओक्साबोक्शी रडली. तिनं ते गार कपाळ तेलानं माखलं, पण आता तेलाचा काय उपयोग?

पुढे काय झालं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. साथ दारं निवडून येत नाही. काही दिवसांनी धाकटीच्या अंगात ताप भरला. देवानं सूड उगवला, असं कुणी म्हणेल; पण तसं म्हणू नये. देव असा सूड घेत नसतो. ताप शेजारी होता, तो आत आला, इतकंच.

समोर मंडळी जमली होती. कुणीतरी सुरुवात केली, "हे प्रभो, सगळ्या आजाऱ्यांवर..." तेवढ्यात रंगारीण पडवीच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत आली नाही. जिथे सगळ्यांच्या वहाणा होत्या तिथेच थांबली आणि म्हणाली, "दामारी."

सगळे दचकले. वडील हळूच म्हणाले, "पोरी, ती गेली गं."

"गेली, वडील. मी तिचं नाव घेतलं नाही म्हणून ती एकटी गेली. ही माझी दामारी आहे. तापानं फणफणलीय. सगळ्यांसाठी मी पुष्कळ मागितलं. आज एकीसाठी मागते. तिच्या उशाशी कुणी येईल का?"

जो तो पुन्हा पायांच्या बोटांकडे बघू लागला. प्रत्येकाच्या घरी एक ना एक धाकटी दामारी होतीच. रंगारणीला ते कळत होतं आणि कुणाला दोष द्यायला तिला तोंड नव्हतं. ती वळली.

मागून वहाणांचा आवाज आला. वडील उठले होते. म्हातारपणानं वाकलेले, भिंतीला धरून वहाणेत पाय घालत होते. "थांब, मी येतो," ते म्हणाले. "त्या दिवशी तुझ्या प्रार्थनेला मीच चांगली म्हटलं होतं. चुकलो. ते नाव मीही गिळलं होतं." आणि मग मान वर करून ते मोठ्यानं म्हणाले, "दामारी!"

या वेळी आमेन हळू झालं. पण दोर वळणारा उठला, मागोमाग त्याची बायको उठली. त्यांनी पाळी लावली. धाकटीच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या, तेल लावलं, चमच्याचमच्यानं पेज पाजली आणि प्रार्थना केली. आता ती तोंडानंही होती आणि हातानंही. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. एका पहाटे पोरीला घाम फुटला, ताप उतरला आणि तिनं खायला मागितलं.

वडिलांनी मात्र अंथरूण धरलं. "आज कुणाचं नाव?" हे विचारायला कुणी उरलं नव्हतं, पण विचारावं लागलंच नाही. सगळ्यांनी एकदम त्यांचं नाव घेतलं. त्यांच्या खोलीत बसायला जागा पुरेना. ते वाचले नाहीत. पण शेवटी त्यांचा हात एका निळ्या हातात होता, आणि तो हात अखेरपर्यंत सुटला नाही. मरण दामारीलाही आलं आणि त्यांनाही आलं. पण दामारी दाराकडे बघत गेली.

त्यानंतर त्या मंडळीनं दाराशी वहाणा काढणं सोडून दिलं. बाहेरचे लोक हसत, म्हणत, ही कसली भक्ती, पायात वहाणा घालून देवापुढे बसतात! हे लोक काही उत्तर देत नसत. सगळ्यांसाठीही ते मागत, नाही असं नाही. पण आधी एक नाव घेत.

थोरलीचं जातं रंगारणीनं आपल्या घरी आणलं. एके सकाळी ती दळत होती आणि बरी झालेली धाकटी शेजारी बसून मुठीनं दाणे टाकत होती. टाकता टाकता तिनं विचारलं, "आई, मी आजारी होते तेव्हा माझ्याजवळ किती जण बसले होते ना?"

"हो, बाळा."

"मग थोरल्या दामारीजवळ कोण बसलं होतं?"

जातं थांबलं. रंगारणीनं आपल्या निळ्या हातांकडे पाहिलं. खोटं बोलता आलं असतं, पोर लहान होती.

"कुणी नाही," ती म्हणाली. "मी बसायला हवं होतं."

लेकीनं मूठभर दाणे जात्यात टाकले, हळूच म्हणाली, "दामारी," आणि आईच्या हातावर हात ठेवून खुंटा फिरवू लागली.

तात्पर्य: सगळ्यांसाठी केलेली प्रार्थना देव ऐकतो खरी, पण शेजारच्या दारापर्यंत ती आपल्यालाच चालत न्यावी लागते, आणि तीही वेळेवर.