तेरा थेंब

समुद्रापासून फार लांब, घाटावरच्या एका गावात एक दीपगृहवाले राहत होते. घाटावर दीपगृह कुठलं, असं तुम्ही विचाराल. दीपगृह नव्हतंच. वामनरावांनी तीस वर्षं कोकणच्या किनाऱ्यावर दिवा सांभाळला आणि निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन ते आपल्या मूळ गावी आले. गाव चांगलं, माणसंही चांगली. पण द्वारकाबाईंना करमेना. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहून त्या समोरच्या ज्वारीकडे बघत आणि म्हणत, "आत्ता ओहोटी लागली असेल, नाही का हो?"

दीपगृहावर असताना ओहोटी लागली की त्या खडकांत उतरत. खळग्यांत पाणी साचलेलं असे. त्यात इवले मासे असत, बोट लावलं की मिटणारी समुद्रफुलं असत. तिथेच एखाद्या खडकावर बसून त्या जप करत. एका लाटेला एक मणी. तसा जप पुन्हा कुठे साधला नाही, असं त्या पुढे नेहमी म्हणत.

वामनरावांना ते दिसत होतं. एक दिवस ते म्हणाले, "समुद्र काही घाट चढत नाही. पण त्यातलं एक डबकं तुला आणून देतो."

त्यांनी काचेची मोठी टाकी आणली. मीठ विरघळवून समुद्रासारखं पाणी केलं. वर दिवे लावले. दोन पट्टेरी मासे सोडले, आणि एका छंदी मित्राकडून प्रवाळाचा करंगळीएवढा तुकडा मागून आणला. अकरा वर्षांत त्या करंगळीचा पाच बोटांचा पंजा झाला. शेजारी राहणाऱ्या वामनरावांच्या थोरल्या बहिणीला, गोदूताईंना, याचं फार नवल वाटे. "पोवळं अंगठीत घालतात बाई," त्या म्हणत, "ते पाळतात हे इथेच पाहिलं."

प्रवाळ दिसतं झाडासारखं, पण तो जीव असतो. पाण्यातला क्षार घेऊन तो आपलं हाड घडवतो. रोज थोडा घेतो, म्हणून रोज थोडा परत द्यावा लागतो. क्षार कमी पडला की तो घेणंही कमी करतो, म्हणून किती द्यायचा, ते मोजून ठरवायचं. वामनराव रोज सकाळी काचेच्या छोट्या नळीत टाकीतलं पाणी घेत आणि एका बाटलीतलं औषध त्यात थेंब थेंब सोडत. नळीतलं पाणी आधी निळं होई. मग कुठल्याशा एका थेंबाला ते एकदम पिवळं होई. जितक्या थेंबांना पिवळं, तितका पाण्यात क्षार. आठ आले की वामनराव खूश. मग चमचाभर खायचा सोडा तांब्यात विरघळवून ते सावकाश टाकीत सोडत.

एका वर्षी वामनरावांच्या छातीत दुखू लागलं. शहरात नेऊन मोठं ऑपरेशन करावं, असं ठरलं. मुलगा न्यायला आला. निघताना वामनरावांनी नळी आणि बाटली द्वारकाबाईंच्या हातात दिली. "रोज मोज. न मोजता चमचा घालू नकोस. बाकी देव आहेच."

द्वारकाबाईंची व्रतं इतकी, की गावातल्या बायका पंचांग न बघता तिथी त्यांनाच विचारत. नवऱ्याच्या जिवासाठी त्यांनी सात दिवसांचं पारायण धरलं. पहाटे सोवळ्यात बसायचं ते दुपारपर्यंत उठायचं नाही, एक वेळ जेवायचं, जमिनीवर निजायचं. पहिल्याच दिवशी त्यांची नजर नळीकडे गेली. पण बाटलीत कसलं औषध असेल कोण जाणे! सातही दिवस सोवळं पाळायचं, त्यात ते शिवायचं कसं? आणि चमचा तर न मोजता घालायचा नाही. सात दिवस दोन्ही राहिलं.

ऑपरेशन सुखरूप झालं. आठव्या दिवशी पारायणाची समाप्ती झाली, नैवेद्य झाला, आणि त्यांना टाकीची आठवण टोचू लागली. आता एका सवयीची गोष्ट ऐका. प्रवासात किंवा दुखण्यात एखाद्या दिवशी जप राहिला, तर द्वारकाबाई दुसऱ्या दिवशी दोन दिवसांच्या माळा ओढत. राहिलेला नेम भरून निघे आणि मनाला शांत वाटे. त्यांनी तेच इथे केलं. सात दिवसांचे सात चमचे सोडा एकदम विरघळवला, टाकीत ओतला आणि हात जोडले. मोजायचं काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

दुपारी पाहतात, तर प्रवाळाची टोकं पांढरी फटक पडलेली आणि त्याच्या अंगावरचे सगळे इवले जिवंत कोंब मिटलेले. त्यांनी घाईघाईने नळी भरली. आठ थेंब झाले, पाणी निळंच. नऊ, दहा, अकरा, तरी निळंच. तेराव्या थेंबाला ते पिवळं झालं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "आई, बाबांना बोलायचंय. डॉक्टरांनी दोनच मिनिटं दिलीत."

गोदूताई तेव्हा तिथेच बसल्या होत्या. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "द्वारके, छातीला टाके आहेत त्याच्या. आठ सांग नि मोकळी हो. पाणी काय फोनवर बोलायला येतंय?"

त्यांचं म्हणणं मायेचंच होतं. द्वारकाबाईंच्याही ओठांवर 'आठ' आला. इतक्यात वामनरावांचा बारीक आवाज ऐकू आला, "काय गं, पाणी किती थेंबांवर आहे?"

द्वारकाबाईंना दीपगृहावरची वही आठवली. एका वादळात दिवा वीस मिनिटं विझला होता. सकाळी वामनराव ते वहीत लिहायला बसले, तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या, "कोणी पाहिलंय? कशाला लिहिता?" वामनरावांनी लिहिणं थांबवलं नव्हतं. "अंधार पडला तर पडला म्हणून लिहावं," ते म्हणाले होते. "बोटवाला आपल्या शब्दावर विसंबून वाट धरतो."

द्वारकाबाईंनी वन्संचा हात हळूच बाजूला केला.

"तेरा," त्या म्हणाल्या.

पलीकडून आवाज आला, "सोडा एकदम घातलास?"

"हो. सात दिवसांचा. आधी मोजलं नाही. टोकं पांढरी पडलीत हो. मला वाटलं, राहिलेला नेम भरून निघेल."

"अगं, मला सात दिवसांचं जेवण एका बैठकीत वाढलंस तर मी तरी जगेन का?" वामनराव हसले आणि कण्हले. "हसवू नकोस, टाके ओढतात. पण खरं बोललीस ते फार बरं झालं. आठ म्हणाली असतीस, तर मी सांगणार होतो, रोजचा चमचा चालू ठेव. चार दिवसांत सगळं संपलं असतं."

"मग आता काय करू?"

"काहीच नाही. तेच कठीण आहे. काही घालू नकोस. जास्तीचं तो जीवच हळूहळू ओढून घेईल. रोज मोज, आणि जे येईल ते मला सांग."

खरोखरच ते कठीण होतं. गोदूताई म्हणाल्या, "लिंबू पीळ. भजीच्या पिठात सोडा जास्त झाला की मी तेच करते." द्वारकाबाईंना हसू आलं, पण त्यांनी हात आवरला. दुसऱ्या दिवशी तेराच आले. तिसऱ्या दिवशी बारा, मग पुन्हा बारा. आकडा वाईट असला तरी संध्याकाळी त्या आहे तसा सांगत. शहरातल्या खाटेवरून वामनराव म्हणत, "उतरतंय. उद्या पुन्हा मोज."

वामनराव घरी आले त्या सकाळी नळी नवव्या थेंबाला पिवळी झाली. काठी टेकत ते आधी टाकीपाशीच गेले.

"दोन बोटं गेली," द्वारकाबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या.

वामनरावांनी काचेशी नाक नेलं. उरलेल्या बोटांवर मोहरीएवढे कोंब उघडून पाण्यात डुलत होते. "तीन राहिली की," ते म्हणाले. "आपण आणलं तेव्हा एकच होतं."

पुढे त्या दोन मेल्या बोटांवर गुलाबी-जांभळ्या समुद्री शेवाळाचा थर चढला. पट्टेरी मासे त्यांच्या आडोशाला निजू लागले. द्वारकाबाईंची पारायणं अजूनही होतात. मात्र नळी आता देवघरात पळी-पंचपात्रीशेजारी असते, आणि आधी नळी, मग पोथी, असा त्यांचा क्रम ठरला आहे.

"सोवळ्यात चालतं का गं हे?" एकदा गोदूताईंनी विचारलं.

"जीव जपायचा तेही सोवळंच की, वन्सं," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि ओहोटीच्या खडकावर बसून एकेका लाटेला एकेक मणी ओढावा, तशा सावकाश थेंब मोजू लागल्या.

तात्पर्य: चुकलेला नेम एका दिवसात भरून निघत नाही. झाली चूक खरी सांगावी, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा थेंबाथेंबाने सुरुवात करावी.