रिकाम्या आसनाला फूल

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्यासह वाट चुकून परक्या साम्राज्याच्या राजधानीत शिरले आणि वेशीवरच धरले गेले. तिथला रिवाज मोठा विचित्र! अधिकाऱ्याने शिष्याच्या हातात एक फूल ठेवलं आणि बजावलं, "सूर्यास्तापूर्वी हे आमच्या दैवताला वाहा. ते कोणतं, हे कोणाला विचारायचं नाही. चुकलात, तर दोघांचाही कडेलोट."

शिष्याची पाचावर धारण बसली. ध्वजावर सूर्य, नाण्यावर वृषभ, राजवाड्याच्या कमानीवर देवी! यातलं खरं दैवत कोणतं?

"आचार्य, सूर्यच असणार! जिथे तिथे तोच दिसतोय," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"अरे, चित्रं राजा काढवून घेतो. तू माणसं बघ."

सूर्यमंदिराच्या समईत कोळ्याने जाळं विणलं होतं. देवीच्या पायऱ्यांवर शेवाळ साचलं होतं. बाजारातल्या दगडी वृषभाच्या पाठीवर तर कोणी चक्क धुणं वाळत घातलं होतं! ऊन उतरलं. मागून अधिकारी सावलीसारखा येतच होता.

चौकात कोतवालाचं आसन होतं. त्यावर कोणीही बसलेलं नव्हतं. तरी येणारा-जाणारा तिथे बोलणं थांबवी, लेकराच्या तोंडावर हात ठेवी, आणि वाकून फरशीला कपाळ टेकवूनच पुढे सरके. कपाळं टेकून टेकून ती फरशी गुळगुळीत झाली होती. आचार्यांनी शिष्याच्या हातून फूल घेतलं आणि त्या रिकाम्या आसनावर ठेवलं.

संपलं सगळं! शिष्याने डोळे गच्च मिटले. पण अधिकारी पांढराफटक पडला. तोही आसनापुढे लवला आणि एक शब्द न बोलता त्याने वेशीकडे बोट दाखवलं.

नगर मागे पडल्यावर शिष्याला कंठ फुटला. "आचार्य, ते कसलं दैवत?"

"भय. समोर कोणी नसतानाही माणूस ज्याच्यापुढे वाकतो, तेच त्याचं दैवत. बाकी सगळी नक्षी."

"पण तुम्ही ओळखलंत! जिंकलात तुम्ही!"

"जिंकलो कसला, बाबा?" आचार्यांचा आवाज अजून कापत होता. "तुझा जीव वाचावा म्हणून आज मीही त्याला फूल वाहिलं. त्याचे भक्त असेच वाढतात."

शिष्याला जीव वाचल्याचा आनंद होताच; पण तो मोठ्याने बोलून दाखवायची त्याला लाज वाटली.