धनेशाची ऐसपैस ढोली

डोंगरउतारावरच्या एका दाट जंगलात धनेश पक्ष्यांचे एक जोडपे राहत असे. मुलांनो, धनेशांची एक रीत आधी ऐका, म्हणजे मी का वैतागलो आहे ते तुम्हाला कळेल. अंडी घालायची वेळ आली की धनेशीण झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि दोघे मिळून ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून टाकतात. उरते ती चोचीपुरती फट. त्या फटीतून धनेश तिला फळे भरवतो. पिल्ले मोठी होईपर्यंत त्या घरात बाहेरचे कोणी पाऊल टाकत नाही.

धनेशिणीने बेहड्याच्या झाडावर एक ढोली पसंत केली होती. ती स्वतः आणि दोन पिल्ले नीट मावतील एवढी जागा, आणि तोंड दोन दिवसांत लिंपून होईल असे. पण आमच्या धनेशरावांना ते खुराडे वाटले. भाऊ येतील, भावजया येतील, तुझ्या माहेरची मंडळी येतील, त्यांना बसवायचे कुठे, असा त्यांनी घोषा लावला.

"अहो, दार तर आपण लिंपून टाकणार. पाहुणे आत येणार कुठून?" धनेशिणीने विचारले.

"येवोत न येवोत, घर बघून चार जणांनी नाव घेतलं पाहिजे," धनेश म्हणाला.

आता याला काय म्हणावे? तिने परोपरीने समजावले, पण सगळे पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी त्याने जुन्या आंब्याची एक भलीमोठी ढोली निवडली. तिच्या तोंडाशी तीन धनेश शेजारी शेजारी बसू शकत. अंडी घालायची वेळ जवळ आली होती, म्हणून धनेशीण वाद सोडून आत गेली. एवढ्या रुंद तोंडावर चिखल काही टिकेना. वरून थापावा, तो खालून गळून पडे. आठ दिवस धनेश ओढ्यावरून चिखल वाहत राहिला आणि त्या गडबडीत फळे आणायचे विसरू लागला. ती बिचारी दोन अंड्यांवर अर्धपोटी बसून राहिली. मधेच एकदा नातेवाईक खरोखरच आले. समोरच्या उंबरावर बसून त्यांनी पोटभर उंबरे खाल्ली, घर मोठे आहे असे म्हणाले आणि उडून गेले. चोचभर चिखल काही कोणी आणला नाही. आणि आमचे राव असे फुगले की त्या दिवशी ओढ्यावर गेलेच नाहीत!

नवव्या दिवशी धनेश ओढ्यावर असताना एक घोरपड खोडावर चढली आणि उघड्या राहिलेल्या भागातून सरळ आत शिरली. धनेशिणीने चोचीने टोचून टोचून तिला अडवायचा प्रयत्न केला, पण त्या ऐसपैस जागेत घोरपड तिला वळसा घालून पुढे गेली. दोन्ही अंडी गेली. जीव वाचवून धनेशीण बाहेरच्या फांदीवर येऊन बसली. धनेश परतला तेव्हा त्याच्या चोचीत चिखल होता.

बेहड्याच्या ढोलीत तोवर पोपटांनी संसार थाटला होता. त्या वर्षी धनेश-धनेशिणीला पिल्ले झालीच नाहीत. पुढल्या वर्षी वेळ आली तसा धनेश पुन्हा एका उंच सावरीच्या झाडातल्या भल्यामोठ्या ढोलीकडे बघत काहीतरी बोलू लागला.

धनेशिणीने त्याला मधेच थांबवले. "घर मी बघून ठेवलंय. तुम्ही चिखल आणा."

तात्पर्य : घर राहणाऱ्यांच्या मापाने बांधावे, बघणारे लांबूनच बघतात आणि निघून जातात.